पाच बोटांची हळद

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी एक यादी छापून प्राणीगृहाच्या दारावर चिकटवली. उदबत्ती नको, धूप नको, कापूर नको, तेलाचं निरांजन नको, नारळ आत फोडायचा नाही, झेंडूची फुलं न्यायची नाहीत, आपट्याची पानं न्यायची नाहीत, पेढ्याचा कणही उंदरांना द्यायचा नाही. आठ गोष्टी, प्रत्येकीपुढे कारण. यादी दोनदा वाचली, सही केली, तारीख घातली आणि निश्चिंत झाले.

नववी गोष्ट मला सुचली नाही. सहा वर्षं मी तिच्याशिवाय दुसऱ्या कशावर काम केलं नव्हतं, तरी सुचली नाही.

पावण्याच्या एमआयडीसीत गॅस्केटचा कारखाना आणि लेबलांचा छापखाना यांच्यामध्ये आमची दुमजली कंपनी आहे. माणसं बावीस. खाली यंत्रं, वर प्रयोगशाळा आणि मागच्या बाजूला, एकामागे एक दोन दारं ओलांडली की, पांढऱ्या उंदरांची खोली. सुधीर सरांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून हे सगळं उभं केलं. खोकल्याचं औषध, मलमं, गोळ्यांवरचं वेष्टन अशी दुसऱ्यांची कामं करून पगार निघतात. माझं काम पगार काढणारं नव्हतं. ते सरांच्या हौसेवर आणि तीन भागीदारांच्या संयमावर चालायचं, आणि दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी भागीदारांचा संयम संपणार होता. त्या दिवशी आकडे बघून ते ठरवणार होते: माझा प्रकल्प पुढे न्यायचा, की बंद करून खोली खोकल्याच्या औषधाला द्यायची.

काम असं. मोठ्या आतड्याला सूज येण्याचा एक हट्टी आजार आहे. माणूस दिवसाला दहा-बारा वेळा संडासला जातो, रक्त पडतं, वजन उतरतं. कुठे जायचं झालं तर वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे तो आधी पाठ करतो. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या ताटलीतल्या पेशींची सूज छान उतरवतं. पण तोंडाने घेतलं की ते पाण्यात विरघळत नाही, वाटेत मोडतं, नाहीतर आतड्याला न शिवता जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून आम्ही त्याला डब्यात बसवायचं ठरवलं. डबा दोनशे नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे तीन-चारशे ओळीने मावतात. डब्याच्या भिंती कोलंबीच्या टरफलातून काढलेल्या पदार्थाच्या, कारण तो आतड्याच्या ओल्या अस्तराला चिकटून राहतो. वरून लाखेचा पातळ थर, कारण लाख पोटातल्या आम्लाला दाद देत नाही आणि मोठ्या आतड्याच्या जवळ पोचल्यावर विरघळते.

हे मी एकदा राहीबाईंना समजावून सांगितलं होतं. राहीबाई आमचं प्राणीगृह सांभाळतात. पावणे गावातल्याच, आगरी, पन्नाशीच्या. आमची कंपनी उभी आहे त्या जागेवर त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं, असं त्या अधूनमधून सहज सांगतात. तक्रार म्हणून नाही, पत्ता म्हणून.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोलंबी नि हळद. मंजे कालवनच हाय की बाई."

"लाख पण आहे," शौनक म्हणाला. शौनक माझा सहकारी. नुकतीच पीएचडी संपवून आलेला, हुशार आणि बडबड्या.

"लाख नाय घालीत आमी," राहीबाई म्हणाल्या. "कोकम घालतो."

पूजेच्या वेळी प्रयोगाचा तिसरा दिवस चालू होता. चोवीस उंदीर, सहा पिंजरे. दोन पिंजऱ्यांतले आठ उंदीर निरोगी. उरलेल्या सोळांना आधी आठवडाभर पिण्याच्या पाण्यातून एक रसायन देऊन आतड्याला सूज आणलेली. त्या सोळांपैकी आठांना आमचे भरलेले डबे आणि आठांना तेच डबे, पण रिकामे, रोज सकाळी शौनक बारीक नळीने तोंडातून द्यायचा. दहाव्या दिवशी दोन्हींतला फरक बघायचा. रिकाम्या डब्यांचे आठ उंदीर फार महत्त्वाचे होते. ते आजारीच राहिले, तरच भरल्या डब्यांनी बरं केलं असं म्हणता येणार होतं.

बुधवारी खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. सुधीर सर धोतर नेसून आले होते, आणि त्या धोतराला त्यांचा मोबाइल ठेवायला जागा नसल्याने तो दिवसभर माझ्या टेबलावर वाजत होता. खालच्या यंत्रांना झेंडूच्या माळा. वरच्या मजल्यावर मी हार नको म्हटलं, म्हणून शौनकने प्रत्येक उपकरणापुढे एक सुपारी ठेवली. प्राणीगृहाची पूजा राहीबाईंनी एकटीने केली. मी दारातून डोकावले. ना धूर, ना फूल, ना प्रसाद. पिंजऱ्यांपुढे हात जोडून उभ्या होत्या. यादीतलं प्रत्येक कलम पाळलेलं. मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी शौनक माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. शौनक काही बोलत नाही, ही काळजीची गोष्ट असते.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला.

"काय झालं?"

"रिकाम्या डब्यांच्या उंदरांची शी पिवळी येतेय."

मी पेन खाली ठेवलं. भरल्या डब्यांच्या उंदरांची शी पिवळी येणं साहजिक होतं. रिकाम्या डब्यांत पिवळं काही नव्हतंच.

"बाटल्या बदलल्या गेल्या का?"

"आई शप्पथ नाही. भरलेली बाटली पिवळीधमक असते, रिकामी दुधासारखी. आंधळासुद्धा नाही चुकणार."

"आंधळा चुकेल."

"ओके, आंधळा चुकेल. मी नाही चुकलो."

आम्ही खाली गेलो. अंगरखे, टोप्या, हातमोजे चढवले. पिंजऱ्यातला भुसा चिमट्याने चिमटीभर काढून बघितला. लेंड्या खरोखर पिवळसर होत्या. निरोगी उंदरांच्याही किंचित. रिकाम्या डब्यांत गळती झाली असेल, चाऱ्यात काही असेल, पाण्यात असेल. मी तीन कारणं मनात मांडली आणि त्यांपैकी एकही पटलं नाही.

"निळा दिवा आण," मी म्हटलं.

कर्क्युमिनवर अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवट पिवळं चमकतं. शौनकने हातातला छोटा दिवा आणला, मी खोलीतले दिवे बंद केले. भर दुपारी त्या बिनखिडकीच्या खोलीत गच्च अंधार झाला. लेंड्यांवर दिवा धरला. चमकल्या.

"आहे," शौनक कुजबुजला. "कर्क्युमिनच आहे. आता?"

मी दिवा हळूहळू वर नेला. भुसा, पाण्याची बाटली, चाऱ्याची जागा, आणि पिंजऱ्यावरची तारेची जाळी. तिथे माझा हात थांबला.

जाळीच्या तारांवर पाच लांबट ठिपके चमकत होते. चार एका ओळीत, एक जरा बाजूला.

"मॅडम," शौनक म्हणाला, "ही बोटं आहेत."

मी पुढच्या पिंजऱ्यावर दिवा धरला. पाच बोटं. त्याच्या पुढच्यावर एकच बोट. मग पुन्हा एक, पुन्हा एक, पुन्हा एक. दोन पिंजऱ्यांवर पाच-पाच आणि चार पिंजऱ्यांवर एकेक. पाच बोटांचे दोन्ही पिंजरे रिकाम्या डब्यांचे होते. एक उंदीर जाळीला उलटा लोंबकळून चालत गेला, खाली उतरला आणि पुढचे दोन्ही पाय मन लावून चाटायला लागला. उंदीर फार स्वच्छ प्राणी आहे. अंगाला काहीही लागलं की तो ते चाटून साफ करतो.

दिवे लावले. शौनक माझ्याकडे बघत होता. मी दाराबाहेर जाऊन यादी वाचली. उदबत्ती, धूप, कापूर, निरांजन, नारळ, झेंडू, आपटा, पेढा.

राहीबाई मागच्या मोरीवर पाण्याच्या बाटल्या धूत होत्या.

"राहीबाई, पिंजऱ्यांना हळद लावलीत का?"

"लावली तं," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "पूजा मंजे हळद नको?"

"यादी वाचली होतीत ना?"

"वाचली ना. आठी गोष्टी वाचल्या. हळद नाय त्यात." मग त्यांनी नळ बंद केला. "मोजा घालून लावली, बाई. नियम हाय ना. आनि कुंकू नाय लावला. तुमी लाल दिसला का रक्त धरता. शौनकदादा घाबरला असता उगाच."

मला एवढा विचार यादी करताना सुचला नव्हता.

"पण आज शनिवार आहे. पूजा बुधवारी झाली. एवढे दिवस ती जाळीवर राहिली कशी?"

"ऱ्हात नाय तीच तर! रातभरात चाटून साफ करतात मेले. पूजेची जागा कोरी दिसली का बरा नाय वाटत. म्हनून रोज लावते. आज सकाली पन लावली. आवडते वाटतं त्याना."

"आणि दोन पिंजऱ्यांना पाच बोटं?"

इथे मात्र त्या वळल्या. हात पदराला पुसले.

"त्याना औषध नाय ना," त्या म्हणाल्या. "शौनकदादा ह्याना पिवला भरवतो, त्याना पांढरा. मी इचारला व्हता, पांढऱ्यात काय हाय. तो बोलला, काय नाय. आजारी ती पन, मग त्यांनी काय पाप केलाय? त्याना म्हटला, देवाचीच जरा जास्त लावू."

शौनकने तोंडावरची पट्टी वर ओढली, पण त्याचे खांदे हलत होते. "मॅडम, म्हणजे उंदरांना हळद लागली. आता लग्न कधी काढायचं?"

"आमच्यात हळद लागली का डीजे लागतो," राहीबाई म्हणाल्या. "तो कुठं आनलाव तुमी?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, माजा चुकला काय?"

मी खोटं बोलत नाही. "पिंजऱ्याला काही लावायच्या आधी मला विचारायला हवं होतं," मी म्हटलं. "पण यादी माझी होती. हळद मी लिहायला हवी होती."

का लिहिली नव्हती, हे मी संध्याकाळी करंजाड्याला घरी जाताना बसमध्ये शोधून काढलं. हळद माझ्या स्वयंपाकघरात होती, डब्यात, मोहरी आणि हिंगाच्या मधे. प्रयोगशाळेत हळद नव्हती. तिथे कर्क्युमिन होतं, पंच्याण्णव टक्के शुद्ध, उणे वीस अंशांत, कुलपात. सहा वर्षांत मी त्याला एकदाही हळद म्हटलं नव्हतं. दोन्ही एकच आहेत हे मला ठाऊक होतं, तसं ठाऊक असणं यादी करायला पुरलं नाही.

जायच्या आधी शौनकने मला पर्याय सांगून बघितले होते.

"हळद सगळ्याच पिंजऱ्यांना लागलीये. म्हणजे फेअरच आहे ना? लिहायची गरज काय?"

"एक बोट आणि पाच बोटं सारखी नसतात."

"एकेकच बोट होतं असं म्हटलं तर?"

"शौनक."

"नाही, मी फक्त ऑप्शन्स सांगत होतो."

आम्ही सहाही जाळ्या बदलल्या, तारीख-वेळ घालून सगळं वहीत लिहिलं आणि प्रयोग चालू ठेवला. जाळ्या मी जपून ठेवल्या. आता एकच प्रश्न होता आणि तो चार दिवस आमच्या डोक्यावर बसून होता. रिकाम्या डब्यांचे उंदीर त्या हळदीने बरे झाले, तर दोन्ही गट सारखेच दिसणार. मग आमचे डबे काही करतात की नाही हे कळणारच नव्हतं, आणि शुक्रवारी प्रकल्प बंद. आयुष्यात पहिल्यांदाच मी सकाळी तराजूवर आजारी प्राणी ठेवताना त्याचं वजन वाढलेलं नसावं अशी इच्छा करत होते. हे मला आवडलं नाही, पण होतं ते असं होतं.

सोमवारी राहीबाईंनी माझ्या टेबलावर लोणच्याची एक रिकामी बाटली ठेवली. आत हळद.

"हीच ती. उरणला भावाच्या परसातली. तपासा एकदा. बाजारची भेसलीची नाय, येवढा तरी कलू दे साह्यबाना."

मी तपासली. तीन पूर्णांक आठ टक्के कर्क्युमिन, भेसळ नाही. हे सांगितल्यावर त्यांनी आकडा दोनदा म्हणून घेतला आणि भावाला फोन करायला बाहेर गेल्या.

दहाव्या दिवशी, पुढच्या बुधवारी, प्रयोग संपला. उंदीर मारावे लागतात त्या दिवशी राहीबाई सकाळी पिंजऱ्यांना पाणी दिलं की घरी जातात. तसा आमचा न बोललेला करार आहे. सूज आली की मोठं आतडं आखडतं, म्हणून त्याची लांबी हा सगळ्यांत सरळ पुरावा. शौनक आलेखाच्या कागदावर मोजत होता, मी लिहीत होते. कुठला नमुना कुठल्या गटाचा हे दोघांनाही दिसू नये म्हणून वरच्या मजल्यावरच्या मुलींकडून नमुन्यांवर नुसते आकडे टाकून घेतले होते. संध्याकाळी आकड्यांची किल्ली उघडली.

निरोगी: सरासरी आठ पूर्णांक एक सेंटिमीटर. भरलेले डबे: सात पूर्णांक चार. रिकामे डबे आणि पाच बोटांची हळद: पाच पूर्णांक सहा.

शौनकने कागद हातात धरला. "नाही उतरली," तो म्हणाला. "मॅडम, हळदीने सूज नाही उतरली! आपल्याने उतरली!"

"थांब. अजून एक मोजायचंय."

लेंड्या आणि आतड्याचं अस्तर दोन्हींत कर्क्युमिन किती, हे मोजायला दुसरा अख्खा दिवस गेला. पाच बोटांच्या उंदरांच्या लेंड्यांत ते भरपूर होतं आणि आतड्याच्या अस्तरात जवळजवळ काहीच नाही. राहीबाईंच्या भावाची हळद एका टोकाने गेली आणि दुसऱ्या टोकाने, वाटेत कुणाशी न बोलता, बाहेर आली होती. आमच्या डब्यांतली अस्तरात मुक्कामाला राहिली होती. वीस पट जास्त.

शौनकला नाचायचं होतं. मी त्याला सांगितलं की राहीबाईंच्या बोटांना कुणी मोजमाप घातलेलं नाही. कुठल्या उंदराने किती चाटली ते माहीत नाही. हे छान दिसतंय, पण हा पुरावा नाही.

"मग काय आहे?"

"गंमत," मी म्हटलं. "पुरावा पुन्हा करावा लागेल."

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सुधीर सरांनी माझा अहवाल वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे पूजेचं पहिल्या पानावर कशाला?"

"पहिल्या आठवड्यात घडलं म्हणून."

"शेवटी टाक ना. जोडपत्रात. बारीक टायपात."

"सर, रिकामा गट बिघडलेला आहे हे कळल्याशिवाय पुढचे आकडे वाचताच येणार नाहीत. वाचणाऱ्याची फसवणूक होईल."

"आणि वाचणाऱ्यांनी उद्या प्रकल्प बंद केला तर?"

"तर खोकल्याचं औषध," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे. पण ते उंदरांची हळद-बिळद मी बोलणार नाही. तूच बोल."

शुक्रवारी बैठकीत मी बोलले. तीन भागीदारांपैकी दोघं व्यापारातले आणि तिसऱ्या डॉ. मीना, पोटाच्या आजारांच्या, वाशीत पंचवीस वर्षं रोगी बघणाऱ्या. मी अंधारात काढलेला जाळीचा फोटो पडद्यावर लावला. पाच चमकणारी बोटं. हे काय, कुणी लावलं, का लावलं, कुणाच्या यादीत काय राहून गेलं, सगळं क्रमाने सांगितलं. मग आकडे सांगितले, आणि मग ते आकडे का धरता येणार नाहीत ते सांगितलं.

व्यापारातल्या एका भागीदारांनी विचारलं, "म्हणजे एवढा खर्च करून झालेला प्रयोग तुम्ही स्वतःच बाद म्हणताय?"

"अर्धा बाद," मी म्हटलं. "निरोगी आणि भरलेले डबे, यांना एकेक बोट होतं. तेही मी लिहिलंय."

आणि डॉ. मीना हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सॉरी, सॉरी," त्या म्हणाल्या. "अहो, माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट विचारतो. डॉक्टर, रात्री हळदीचं दूध घेऊ का? त्यांच्या आया विचारतात, सासवा विचारतात. मी काय सांगते? घ्या, वाईट नाही. पण आतड्यापर्यंत पोचतं का, हे मला कुठे ठाऊक आहे? तुमच्या प्रयोगात साध्या हळदीचा गट होता का मुळात?"

"नव्हता. प्राणी कमी लागावेत म्हणून मी तो गाळला होता."

"मग तो तुमच्या त्या बाईंनी घातला!"

"मोजमाप न करता घातला."

"मोजून घालायला किती दिवस लागतील?"

"प्राण्यांसाठी नवीन परवानगी, चौथा गट, सगळं धरून चार महिने."

मघाचे भागीदार पुन्हा म्हणाले, "आणि मधेच संक्रांत येईल. तिळगूळ घालाल."

सगळे हसले, मी नाही. मी वहीत लिहून घेतलं: तीळ.

डॉ. मीना सुधीर सरांकडे वळल्या. "द्या चार महिने. उद्या कुणी बाहेरचा विचारेल, साधी हळद का नाही? त्याचं उत्तर लागणारच आहे. आणि एक सांगू? असलं काही घडलं तर लोक जोडपत्रात टाकतात. हिने पहिल्या पानावर टाकलं, म्हणून मी दुसरं पान मन लावून वाचलं."

सुधीर सर छताकडे बघत होते. व्यापारातल्या दुसऱ्या भागीदारांनी बैठकभर एकच प्रश्न विचारला, तो शेवटी: त्या बाईंच्या भावाकडे विकायला हळद आहे का. चार महिने मिळाले. खोकल्याच्या औषधाला वरच्या मजल्यावर दोन फळ्या दिल्या.

राहीबाई जिन्याच्या खाली उभ्या होत्या. जेवणाची सुट्टी असूनही डबा उघडला नव्हता. शौनक जिन्यावरूनच ओरडला, "राहीबाई, वाचलो! आणि तुमचा एक नवीन गट झालाय. तुमच्या नावाचा!"

"माज्या नावाचा नको बाई," त्या मला म्हणाल्या. "भावाच्या नावाचा ठेवा. हळद त्याची हाय."

सोमवारी मी नवी यादी केली. या वेळी ती थेट दारावर लावली नाही. राहीबाईंना समोर बसवलं आणि म्हटलं की त्यांनी वाचून हो म्हटल्याशिवाय यादी लागणार नाही, पूजेची असो की कसलीही. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागल्या. शौनक पोह्यांची ताटली घेऊन बाजूला उभा होता. नवव्या कलमाशी, तिथे फक्त 'हळद' असं लिहिलं होतं, त्यांनी मान डोलवली. दहावं तीळ. तिथे त्यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं आणि बोट पुढे सरकवलं.

"कुंकू ऱ्हायला," त्या म्हणाल्या.

"कुंकू तुम्ही लावतच नाही ना? रक्तासारखं दिसतं म्हणून."

"मी नाय लावत. उद्या दुसरी कोन आली तर? आनि कुंकू मंजे पन हळदच की. चुना घालून लाल करतात. माज्या माहेरी घरीच करतात."

मी पेन हातात घेतलं आणि मला अकरावीतलं प्रात्यक्षिक आठवलं. हळदीत बुडवलेला कागद, त्यावर साबणाचा थेंब, लाल डाग. मला वीस गुणांपैकी वीस होते. मी अकरावं कलम लिहिलं.

"झालं?" शौनकने विचारलं. "लावू दारावर?"

राहीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या ताटलीकडे.

"हा काय खातो?"

"पोहे. का?"

"नि खाऊन कुठं जातो?"

"प्राणीगृहात. पण मोजे घालतो ना!"

"मोजे घालतो कशानं? ह्याच बोटांनी ना?"

शौनकने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, खणातून निळा दिवा काढला आणि खोलीतले दिवे बंद केले. शौनकने हात पुढे केला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिन्हींची टोकं हिरवट पिवळी चमकत होती.

"बाप रे," तो म्हणाला.

राहीबाई समाधानाने हसल्या. मी दिवा माझ्या हातावर वळवला, फक्त खात्री करायला. सकाळी घरून निघताना मी फोडणी घातली होती.

दिवे लागल्यावर राहीबाईंनी यादी माझ्याकडे सरकवली. मी बारावं कलम लिहायला घेतलं.